दिवसभराचं पाणी : आधी भांडं मोजा, मग आकडा ठरवा

“सिस्टर, मी रोज आठ ग्लास पाणी मोजून पितो. तरी लघवीला आग का होते?” रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या एका गृहस्थांनी मे महिन्यात मला हे विचारलं. पुढच्या खेपेला तो ग्लास घेऊन या, म्हटलं. त्यांनी आणलं ते फुलपात्र. लग्नातल्या आहेराचं, काठावर नाव कोरलेलं. सलाइनच्या रिकाम्या बाटलीवरच्या खुणांनी आम्ही ते मोजलं. काठोकाठ भरून १३० मिली. आठ वेळा म्हणजे लिटरभराच्या जेमतेम वर. आणि हा माणूस अकोल्याच्या उन्हात दिवसभर डांबर ओतत होता.

परिचारिका म्हणून २८ वर्षं काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलं की आता सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. लोक आधी कुणीतरी सांगितलेला आकडा धरतात. मग सकाळीच घटाघटा पितात, तासातासाला उठावं लागतं म्हणून वैतागतात आणि चौथ्या दिवशी सगळं सोडून देतात. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले दोन झाल्याशिवाय तिसऱ्यावर जाऊ नका.

## सुरुवातीआधी : कोणी थांबायचं

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. हृदयाचं पंपिंग कमी असलेले, मूत्रपिंडाचा आजार किंवा डायलिसिस चालू असलेले, यकृताच्या आजाराने पोटात पाणी झालेले आणि पायांवर सूज असलेले, यांनी स्वतःच्या मनाने पाणी वाढवायचं नाही. तुमच्या डॉक्टरांनी दिवसाचं माप सांगितलं असेल तर तेच माप. त्यात चहा, ताक, आमटी, गोळी घ्यायला लागणारा घोट, सगळं धरलेलं असतं.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तरी आधी विचारा. आमच्या शेजारच्या काकूंनी मोबाइलवर फिरत आलेला एक संदेश वाचून पाणी एकदम पाच लिटरवर नेलं. गोळी चालूच होती. तिसऱ्या दिवशी मळमळ, डोकेदुखी, चालताना झोक जायला लागला. उन्हामुळे असेल म्हणून घरच्यांनी त्यांना आणखी पाणी पाजलं. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा सोडियम ११९ होतं. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असावं लागतं. चार दिवस ॲडमिट राहून काकू घरी आल्या. पण ते चार दिवस त्यांच्या लेकींनी कसे काढले, ते मी जवळून पाहिलं आहे.

सावध : धडधाकट माणसाचं मूत्रपिंडही एका तासात साधारण ८०० मिली ते एक लिटरच पाणी बाहेर टाकू शकतं. त्यामुळे राहिलेला कोटा रात्री एकदम भरून काढणं किंवा पैजेने पाणी पिणं धोक्याचं आहे.

## टप्पा १ : घरातली भांडी मोजा

दहा मिनिटांचं काम आहे, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

१. एक लिटरची बाटली पाण्याने भरा. बाटलीवर एक लिटर छापलेलं आहे ना, ते पाहून घ्या. बाजारात ७५० मिलीच्या बाटल्या तशाच दिसतात.

२. तुम्ही रोज ज्या भांड्याने पाणी पिता, तेच घ्या. नेहमी जितकं भरता तितकंच भरा. काठोकाठ भरू नका, कारण एरवी तुम्ही तसं भरत नाही.

३. बाटली रिकामी होईपर्यंत किती भांडी भरली, ते मोजा. चार भरली तर एक भांडं २५० मिली, पाच भरली तर २००, सात भरली तर १४०.

४. तांब्या, मुलांची शाळेची बाटली, ऑफिसातला ग्लास, चहाचा कप, सगळं एकदा मोजून स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून कागद लावा.

ज्यांना तांब्या वर धरून, तोंड न लावता पाणी प्यायची सवय आहे त्यांना आपण किती प्यायलो हे कधीच कळत नाही. त्यांनी निदान पहिले पंधरा दिवस भांड्यात ओतून घ्यावं.

तपासा : घरातल्या प्रत्येकाला “तुझं भांडं किती मिलीचं?” असं विचारल्यावर उत्तर येतं का? आलं, तर पुढे चला.

## टप्पा २ : दोन दिवस नुसती नोंद

या दोन दिवसांत काहीही बदलायचं नाही. एक दिवस कामाचा, एक सुट्टीचा. दुधाचा रतीब लिहितो तशा कालनिर्णयाच्या चौकटीत रेघा मारा. पाण्याची रेघ वेगळी, चहा-ताक-सरबताची वेगळी. शेजारी लघवीला किती वेळा गेलात तेही लिहा. लाजायचं काही कारण नाही. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.

नोंद करताना वेळही टाका. बहुतेकांना तिथे एक भलीमोठी रिकामी जागा सापडते. नोकरी करणाऱ्या बायकांची ती सकाळी आठ ते संध्याकाळी सहा असते. शेतावर जाणाऱ्यांची दुपारची. दुकानात बसणाऱ्यांचं पाणी कमी आणि चहा सात-आठ कप. तुमची रिकामी जागा कुठे आहे ते कळणं, हेच या दोन दिवसांचं काम. एकूण बेरीज त्यानंतर पाहा.

नेहमीची चूक : नोंद करतोय म्हणून त्याच दिवशी जास्त प्यायचं. मग खरी सवय कागदावर येतच नाही.

## टप्पा ३ : आपला आकडा ठरवा

आठ ग्लासचा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं माप बाईसाठी दिवसाला २ लिटर आणि पुरुषासाठी २.५ लिटर आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अकादमीचं माप २.७ आणि ३.७ लिटर आहे. हे वाचून घाबरू नका. दोन्ही आकड्यांत अन्नातून मिळणारं पाणीही धरलेलं आहे, आणि तो वाटा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त असतो. वरण-भात, पातळ भाजी, काकडी, कलिंगड खाणाऱ्याला तो जास्त मिळतो. भाकरी-ठेचा किंवा कोरडा डबा खाणाऱ्याला कमी.

आपल्याकडच्या हवेत, सावलीत बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला मी असं सांगते : बाईने दिवसाला दोन लिटर, पुरुषाने अडीच लिटर प्यायचं. यात पाण्यासोबत चहा, ताक, दूध, सार हे सगळं धरा. चहाने शरीरातलं पाणी निघून जातं असं बरेच जण मानतात. पण रोजचे दोन-तीन कप चहा घेणाऱ्याने ते आपल्या मापात बिनधास्त मोजावेत. दारू मात्र मोजायची नाही, तिने लघवी वाढून पाणी जातं. सरबतं आणि कोल्ड्रिंक्स मोजता येतात, पण त्यातली साखर अंगावर येते. म्हणून त्यांच्यावर कोटा पूर्ण करू नका.

यावर कुणाला किती जास्त लागतं :

गरोदर बाईला दिवसाला साधारण ३०० मिली जास्त आणि अंगावर पाजणाऱ्या आईला साधारण ७०० मिली जास्त. पाजायला बसण्याआधी भरलेलं भांडं शेजारी ठेवायचं, कारण बाळ अंगाशी लागलं की उठता येत नाही आणि तहान नेमकी तेव्हाच लागते. आपल्याकडे काही घरांत बाळंतिणीला पाणी कमी देतात, पोट सुटेल म्हणून. कृपा करून हे करू नका. तिला तहानेइतकं, कोमट हवं तर कोमट, पण पोटभर पाणी द्या.

मुतखडा होऊन गेलेल्यांचा हिशोब उलटा असतो. त्यांनी किती प्यायलो यापेक्षा किती बाहेर आलं ते पाहायचं. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हायला हवी. एखाद्या रविवारी घरी असताना जुन्या, खुणा केलेल्या बरणीत चोवीस तासांची लघवी मोजा. एकदाच मोजली तरी डोळे उघडतात. तेवढी होण्यासाठी बहुतेकांना तीन लिटरच्या वर प्यावं लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त.

सावध : सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी द्यायचं नाही. चंद्रपूरच्या उन्हातसुद्धा नाही. आईच्या दुधात त्याला लागणारं सगळं पाणी असतं. बाळाला वारंवार पाजा आणि पाणी आईला द्या.

नोंदीतला आकडा आणि ठरवलेला आकडा यांत लिटरभराचं अंतर असेल तर एका दिवसात उडी मारू नका. आठवड्याला एक ग्लास, फार तर दोन ग्लास वाढवा. मूत्राशयालाही सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीचे दिवस वरचेवर जावं लागतं, पुढे ते कमी होतं.

## टप्पा ४ : पाणी आणि भांडं तयार करा

पाणी वाढवायचं म्हणजे पाण्याबरोबर येणारे जंतूही वाढवायचे नाहीत. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याची खात्री नसेल तर आधी सुती कापड चौपदरी करून गाळा, मग उकळा. तळाला बुडबुडे दिसले की गॅस बंद करणारे पुष्कळ आहेत. पाणी वर-खाली खळखळायला लागल्यावर पूर्ण एक मिनिट ठेवायचं. त्याच भांड्यात झाकून गार करायचं.

इथवर सगळे बरोबर करतात. गडबड होते ती पुढे. उकळलेलं पाणी आठवडाभर न घासलेल्या माठात ओततात आणि त्यात हात घालून भांडं बुडवतात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. माठ दर तीन-चार दिवसांनी रिकामा करून काथ्याने आणि गरम पाण्याने घासा. साबण लावू नका, मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. मग माठ उन्हात पालथा घालून वाळवा. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाऱ्याने उडतं म्हणून आतलं पाणी गार होतं. त्यामुळे माठ बंद कोपऱ्यात ठेवला तर उपयोग नाही. खिडकीशी, सावलीत, तिवईवर ठेवा.

तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवा, पण लिंबूपाणी, ताक, कोकम सरबत ठेवू नका. आंबट पदार्थात तांबं उतरतं आणि मळमळ, उलट्या होतात.

बाहेर न्यायला रुंद तोंडाची स्टीलची बाटली घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत हात जात नाही, मग ती नुसती खळबळून पुन्हा भरली जाते. एकदा तिचं बूच काढून आतल्या रबराच्या रिंगखाली पाहा. काळपट चिकट थर दिसला की रोज का घासायची ते कळेल.

## टप्पा ५ : दिवसभरात वाटून घ्या

टप्पा २ मध्ये सापडलेली रिकामी जागा आता भरायची आहे. घड्याळ लावून पिण्यापेक्षा रोजच्या कामांना पाणी जोडा. ते टिकतं. दोन लिटरची वाटणी २५० मिलीच्या ग्लासाने अशी होते :

उठल्यावर तोंड धुऊन एक ग्लास. नाश्त्याच्या वेळी एक. कामाला पोचल्यावर, बसायच्या आधी एक. अकराच्या सुमारास एक. जेवताना अर्धा-पाऊण आणि जेवणानंतर तासाभराने एक. चारच्या चहाआधी एक. घरी आल्यावर एक. रात्रीच्या जेवणाबरोबर उरलेलं. दुपारी तीनपर्यंत दोन तृतीयांश पाणी पोटात गेलेलं असलं की रात्री उठावं लागत नाही.

जेवताना पाणी प्यायलं की पचन बिघडतं, उभ्याने प्यायलं की गुडघे जातात, असं सांगणारे भेटतील. यातल्या कशालाही आधार नाही. जेवताना दोन घोट लागले तर घ्या. पहाटे उठून दीड-दोन लिटर एकदम पिण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मात्र सोडा. ते पाणी दीड-दोन तासांत लघवीवाटे निघून जातं आणि ‘आजचं झालं’ असं वाटून दुपार कोरडी जाते.

### शौचालयाची अडचण, खास करून बायकांची

पाणी कमी पिण्याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर हेच. आळस किंवा विसराळूपणा नंतर येतो. बाजारात भाजी विकायला बसणारी, बंदोबस्तावरची पोलीस, एसटीने रोज तीन तास जाणारी-येणारी शिक्षिका, ऊसतोडीला गेलेली बाई, या सगळ्या ठरवून पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. मुंबईत बायकांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली ती याचसाठी. अशा बाईला “जास्त पाणी पी” एवढंच सांगणं मला निष्ठुरपणाचं वाटतं. तिला आधी जागा शोधून दिली पाहिजे. म्हणून इथे क्रम असा ठेवा :

१. आधी जागा शोधा. रोजच्या वाटेवर स्वच्छ शौचालय कुठे कुठे आहे ते पाहून ठेवा : बँक, पेट्रोल पंप, मोठं दुकान, ओळखीचं घर. दोन जागा मिळाल्या तरी दिवस निभतो.

२. लांबच्या प्रवासाला निघण्याच्या दोन तास आधी दीड ग्लास पाणी प्या. निघताना लघवीला जाऊन या.

३. प्रवासात दर अर्ध्या तासाला दोन-तीन घोट घ्या. एकदम ग्लासभर पिऊ नका.

४. पोचल्यावर आधी जाऊन या, मग एक पूर्ण ग्लास प्या.

५. तीन-चार तासांपेक्षा जास्त लघवी धरून ठेवू नका.

सावध : लघवीला आग, वरचेवर थेंब थेंब, ओटीपोटात दुखणं ही जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत. सोबत थंडी वाजून ताप किंवा पाठीत बरगडीखाली दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जिरे-धण्याचं पाणी घेत बसू नका.

मुलांच्या बाबतीत एक सोपी सवय लावा. शाळेतून आल्यावर बाटली उघडून किती पाणी परत आलं ते पाहा. भरलेली परत आली तर ओरडू नका, शाळेतलं शौचालय कसं आहे ते विचारा. उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं. केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये पाण्यासाठी वेगळी घंटा द्यायला सुरुवात केली. पालकसभेत हा विषय काढण्यासारखा आहे, पण घंटेच्या आधी शौचालयाची कडी नीट लागते का ते पाहायला सांगा.

## टप्पा ६ : उन्हात काम असेल तेव्हा

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तेंदूपत्ता तोडणारे, वीटभट्टीवरचे, बांधकामावरचे, डिलिव्हरीची मुलं, यांना वरचं दोन-अडीच लिटरचं माप लागू नाही.

१. कामावर जाण्याआधी दोन ग्लास पाणी पोटात हवं. कोरड्या अंगाने सुरुवात केली तर दिवसभर मागेच पडता.

२. काम चालू असताना दर २० मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे २००-२५० मिली. तहान लागायची वाट पाहू नका. तहान लागेपर्यंत शरीर मागे पडलेलं असतं.

३. तासाला सव्वा-दीड लिटरच्या वर जाऊ नका.

४. पाण्याचा कॅन माणसांजवळ ठेवा. तो शंभर पावलांवर झाडाखाली असला की मजूर तिथे जात नाही, मुकादम पाहतो म्हणून. कॅनला ओलं गोणपाट गुंडाळा आणि कुणीतरी एकाने पाणी फिरवत राहायचं, असं कामच लावून द्या.

५. घामातून मीठही जातं. काम दोन-तीन तासांवर चाललं तर नुसत्या पाण्यावर राहू नका. मिठाचं पातळ ताक, कैरीचं पन्हं, ज्वारीची आंबील, तांदळाची पेज, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, यांतलं जे घरात असेल ते दुपारी एकदा आणि काम संपताना एकदा घ्या. जेवण चुकवू नका. सर्वात जास्त मीठ तिथूनच परत येतं. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवावं.

ज्यांच्याकडे वजनकाटा आहे त्यांनी एखाद्या दिवशी कामाआधी आणि कामानंतर, घामाचे कपडे काढून वजन करावं. एक किलो कमी भरलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी कमी पडलं. ते पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं करून भरून काढा, आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळीच तेवढं वाढवा.

सावध : उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलायला लागला, अडखळला, अंग तापून फणफणलं किंवा बेशुद्ध पडला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. सावलीत आणून कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला. काखेत, जांघेत, मानेला गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. आपल्याकडे सगळ्यात आधी नेमकं तेच करतात.

## टप्पा ७ : रंगावरून तपासा

आकडा हा अंदाज आहे. तो बरोबर बसला का, ते लघवी सांगते. सकाळची पहिली लघवी गडदच असते, ती धरू नका. दुपारची पाहा.

फिकट पिवळी, म्हणजे पाण्यात लिंबाचे चार थेंब पिळल्यावर दिसते तशी, असेल तर बरोबर चाललं आहे. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर पुढच्या दोन तासांत दोन ग्लास प्या. दिवसभर नळाच्या पाण्यासारखी पांढरी स्वच्छ असेल तर जास्त होतंय, थोडं कमी करा. दिवसात सहा-सात वेळा जाणं ठीक.

फसवणाऱ्या गोष्टीही आहेत. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी झगझगीत पिवळी होते. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने नारिंगी होते. बीट खाल्लं की गुलाबी. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण कोऱ्या चहासारखी तपकिरी किंवा लाल लघवी झाली आणि बीट खाल्लेलं नसेल, तर पाणी पिऊन वाट पाहू नका, दवाखान्यात जा.

आणि पाणी वाढवलेलं नसताना तहानच भागत नाही, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, वजन उतरतंय, असं असेल तर रक्तातली साखर तपासा. अशांना मी आधी ग्लुकोमीटरकडे पाठवते, पाण्याचं नंतर बोलते.

## वयस्कांसाठी वेगळा क्रम

वय वाढतं तशी तहान मंदावते. शरीराला पाणी हवं असतं, पण सांगावा येत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेले आजोबा आणि गुडघ्यांमुळे उठायला त्रास होणाऱ्या आजी तर ठरवूनच पाणी टाळतात.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या असताना एका मे महिन्यात अचानक मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. चुलीवर दूध उतू जातंय म्हणाल्या. घरात चूल नव्हती. सगळे म्हणाले, वय झालं. मी रोज दुसऱ्यांची नाडी पाहणारी बाई, पण माझ्याही लक्षात यायला दीड दिवस गेला. जीभ पाहिली तेव्हा ती लाकडासारखी कोरडी होती. सलाइन लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि चहा मागितला. त्या दीड दिवसाची टोचणी मला अजून आहे.

तेव्हापासून आमच्या घरात हे पाळतात :

“आई, पाणी हवंय का?” असं विचारायचं नाही. उत्तर “नको गं” असंच येतं. भांडं भरून हातात द्यायचं आणि दोन मिनिटं शेजारी बसायचं.

पूर्ण ग्लास न देता अर्धा द्यायचा, पण आठ-दहा वेळा. हात थरथरत असतील तर हलका, कान असलेला कप. प्रत्येक गोळीबरोबर घोटभर न देता अर्धा ग्लास.

नुसतं पाणी जात नसेल तर सार, पातळ मुगाचं वरण, ताक, कलिंगडाच्या फोडी.

संध्याकाळी सातनंतर कमी, आणि झोपायला जाताना गोळीपुरतंच. न्हाणीघरापर्यंत रात्रीचा दिवा आणि धरायला दांडा लावला की आजोबा दुपारचं पाणी टाळत नाहीत. आमच्या गल्लीत तिघांकडे हे करून पाहिलं आहे.

तपासा : म्हाताऱ्या माणसाच्या हाताची कातडी चिमटीत धरून पाहू नका, ती वयाने सैल झालेली असते. जीभ आणि गालाची आतली बाजू पाहा. अचानक आलेला गोंधळ, उभं राहताना चक्कर, नेहमीपेक्षा जास्त झोप, यांतलं काहीही दिसलं की त्याच दिवशी दाखवा.

## टप्पा ८ : जुलाब-उलट्यांत पाणी पुरत नाही

जुलाबात पाण्याबरोबर क्षार जातात. नुसतं पाणी पाजत राहिलं तर भरून निघत नाही. ओआरएसच लागतं, आणि ते बनवण्यातच सगळ्यात जास्त चुका होतात.

१. हात साबणाने धुवा. पाकिटावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा. मोठं पाकीट साधारण साडेवीस ग्रॅमचं, एक लिटरसाठी. छोटं चार-सव्वाचार ग्रॅमचं, २०० मिलीसाठी.

२. उकळून गार केलेलं पाणी टप्पा १ मध्ये मोजलेल्या भांड्याने मोजून घ्या. मोठं पाकीट अख्खं, एका वेळी, एक लिटरमध्ये टाका. पेल्यात चमचा-चमचा टाकून उरलेलं गुंडाळून ठेवू नका. कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होऊन मुलाला अपाय होतो, जास्त पाण्यात केलं तर उपयोग होत नाही.

३. वरून साखर, दूध, सरबत काहीही घालू नका. झाकून ठेवा. २४ तासांनी उरलेलं फेकून द्या.

४. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, मोठ्यांना हवं तितकं. लहानांना चमच्याने द्या. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश. “उलटी होतेय म्हणून बंद केलं” हे वाक्य ऐकलं की मला धस्स होतं.

५. आईचं दूध आणि जेवण चालू ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलाला झिंकच्या गोळ्या मिळतात, त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करा.

पाकीट मिळेपर्यंत घरी करायचं तर एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट, शीग लावलेला नाही. चव घेऊन पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून पुन्हा करा.

दुकानात ओआरएससारख्या नावाने मिळणारी खोक्यातली गोड पेयं घेऊ नका. त्यांत साखर फार असते, त्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरायला मनाई केली. तरी जुना माल कुठे दिसू शकतो. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहूनच घ्या. आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात आणि आशाताईंकडे ते मोफत मिळतं. उन्हाळा आणि पावसाळा लागण्याआधी चार पाकिटं डब्यात आणून ठेवा, मुदतीची तारीख पाहून.

लगेच दवाखान्यात न्या : मूल सुस्त पडलं किंवा उठवून उठत नाही, डोळे खोल गेले, पाणी पिताच येत नाही किंवा अधाशासारखं पितं, शौचात रक्त आहे, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, रडताना डोळ्यांत पाणी नाही, किंवा सहा तासांत लघवीच झालेली नाही. मोठ्या माणसाला आठ तासांत लघवी झाली नाही तरीही. वाटेत गाडीतही चमच्याने ओआरएस पाजत राहा, शुद्धीवर असेल तोवर.